मागील पगाराचा न्याय

नोकरास अन्यायानें काढून टाकलें आणि पुढें न्यायालयानें ती बडतर्फी रद्द केली, तर मधल्या काळाच्या पगाराचें काय? इंग्रजी अमदानींतील कायद्यास हा प्रश्नच पडत नसे. खाजगी नोकरीचा करार न्यायालय सक्तीनें पाळावयास लावीत नाहीं, हें त्या कायद्याचें तत्त्व होतें. नुकसानभरपाई मागावी आणि दुसरी वाट धरावी, एवढेंच नोकराच्या हातीं उरे.

या तत्त्वास मोठा धक्का बसला तो मुंबईच्या एका खटल्यानें. १९४७ चा औद्योगिक कलह कायदा तेव्हां नवा होता. काढलेल्या नोकरास परत घेण्याचा हुकूम देण्याचा न्यायाधिकरणास अधिकार नाहीं, असा आक्षेप वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशननें घेतला. १९४९ मध्यें फेडरल कोर्टानें तो फेटाळला. नोकरी परत मिळूं शकते असें ठरतांच मागील पगाराचा प्रश्न ओघानेंच आला. १९७८ मध्यें हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पूर्ण पगार हाच सामान्य नियम मानला. मात्र कारखान्याची स्थिति पाहून प्रत्यक्षांत ७५ टक्के देवविला.

शिक्षकास मात्र या कायद्याचा आधार नव्हता. तो ‘कामगार’ नव्हे, असें गोव्याच्या एका प्रकरणांत १९८८ मध्यें ठरलें. महाराष्ट्रानें त्यापूर्वींच १९७७ च्या कायद्यानें खाजगी शाळांतील सेवकांसाठीं शाळा न्यायाधिकरणें योजिलीं होतीं. त्यामुळें यवतसारख्या गांवच्या खाजगी शाळेंतील बडतर्फ शिक्षकासही ३० दिवसांत तेथें अपील करण्याचा मार्ग खुला झाला.

याच कायद्याखालीं एका शिक्षिकेचा खटला गाजला. २००७ मध्यें ती बडतर्फ झाली. २००९ मध्यें न्यायाधिकरणानें तिला पूर्ण पगारासह परत घेण्यास सांगितलें. परंतु उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें पगाराचा भाग रद्द केला. १२ ऑगस्ट २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हां कायम केला. आपणांस काम नव्हतें एवढें नोकरानें सांगावें. तो अन्यत्र कमावीत होता असें मालकाचें म्हणणें असेल, तर तें मालकानें सिद्ध करावें, असा या निवाड्याचा गाभा होता. चार महिन्यांत पैसे न दिल्यास द. सा. द. शे. ९ व्याजही बसविलें.

हुकूम झाला म्हणजे पैसा हातीं येतोच असें नाहीं, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. म्हणूनच १९५६ मध्यें औद्योगिक कायद्यांत अशी सोय करण्यांत आली कीं, कामगाराची रक्कम मालकानें थकविल्यास सरकारनें दाखला द्यावा आणि कलेक्टरनें ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावी. सारा थकला म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. सरकारच्या येण्यास जो जोर, तोच मजुराच्या घामास मिळावा, हा त्यांतील न्याय होय. खटला जितका लांबेल तितका नोकर खचतो. पगार बुडाल्याचें ओझें ज्यानें अन्याय केला त्याच्याच शिरीं राहिलें, तरच मालकास विलंबाचा मोह सुटेल.