जुनी गाडी, नवीन लोखंड

या वीकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. मोटरसायकली, चिखल आणि इतिहास. ज्यांना गाडी म्हटल्यावर फक्त 'किती देते?' एवढंच सुचतं, त्यांची आधीच माफी मागतो. :)

माझं गाव नागभीड, जिल्हा चंद्रपूर. नागपूरहून इकडे येणारी नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. नॅरोगेजची वाफेची इंजिनं बघायची तर आता नागपूरला मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. छान रंगवून उभी केली आहेत. मला ती जागा आवडते, पण तिथे गेलो की एकच प्रश्न डोक्यात येतो. कुठल्या चढावर किती वाफ लागते, कुठला आवाज आला की काळजी करायची, हे त्या इंजिनाबद्दल आज कोण सांगू शकेल? लोखंड आहे तसं आहे. ते चालवण्याचं ज्ञान मात्र माणसांबरोबर निघून गेलं.

म्हणजे जुनं यंत्र जपायचं तर ते पुसून ठेवायचं, की ज्या कामासाठी बनवलं त्याच कामाला लावायचं?

मोटरसायकलवाल्यांच्या जगात एका छोट्या टोळीने याचं भन्नाट उत्तर शोधलं आहे. १९५० आणि ६० च्या दशकातल्या फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि ज्या आहेत त्या महाग. मग हे लोक काय करतात? तशीच गाडी नव्याने बांधतात आणि चिखलात पळवतात. पडतात, मोडतात, पुन्हा वेल्डिंग करतात. हे डोक्यावर पडल्याचं लक्षण आहे की शहाणपणाचं, ते ठरवायला थोडा इतिहास बघावा लागेल.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, खड्डे-उंचवट्यांच्या बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत. (बंदिस्त हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या घोडाझरीचं जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. तिथे गाडी घालायचं कुणाच्या मनात असेल तर आत्ताच काढून टाका.) सुरुवात इंग्लंडमधली, २९ मार्च १९२४, सरे परगण्यातलं कॅम्बर्ली. त्या काळी 'ट्रायल' नावाच्या स्पर्धा असत. त्यात वेगापेक्षा तोल महत्त्वाचा, पाय जमिनीला टेकला की गुण गेले. कॅम्बर्लीच्या मंडळींना ते गुणबिण नकोच होते. जो आधी पोचेल तो जिंकला, बस्स. मग त्याला ट्रायल म्हणता येईना, म्हणून नाव पडलं 'स्क्रॅम्बल', म्हणजे झुंबड. पुढे फ्रेंचांनी त्याचं मोटोक्रॉस केलं. १९५२ मध्ये ५०० सीसीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १९५७ मध्ये ती जागतिक झाली. पहिला जगज्जेता स्वीडनचा बिल निल्सन, गाडी ब्रिटिश एजेएस.

यातल्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरच्या. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मोठा पिस्टन, जड फ्लायव्हील, त्यामुळे ताकद एकदम अंगावर येत नाही, ढकलल्यासारखी येते. मागच्या टायरला दोन धक्क्यांच्या मधे माती पकडायला सवड मिळते. थ्रॉटल सोडला की इंजिनच ब्रेकचं काम करतं. तोटा एकच, पण मोठा: वजन. व्हॉल्व्ह, टॅपेट, पुशरॉड, तेलाची टाकी, हे सगळं घेऊन टेकडी चढायची.

आता माझी आवडती गोष्ट. डेरेक आणि डॉन रिकमन, इंग्लंडच्या हॅम्पशायरमधले दोन भाऊ. दोघेही पहिल्या फळीतले रायडर. १९६३ आणि ६४ मध्ये देशादेशांमधली सांघिक स्पर्धा जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात दोघे होते. कंपन्यांच्या तयार गाड्या त्यांना पटेनात. मग त्यांनी ट्रायम्फचं इंजिन, बीएसएचा गिअरबॉक्स आणि नॉर्टनचे फोर्क असं कडबोळं जुळवलं आणि त्याला नाव दिलं 'मेटिस'. फ्रेंच शब्द, अर्थ संकरित. लवकरच ते स्वतःची फ्रेमही बनवू लागले: रेनॉल्ड्स ५३१ च्या हलक्या नळ्या, वर निकेलचा चकचकीत मुलामा, आणि इंजिनाचं तेल चक्क त्या नळ्यांमध्येच. वेगळी टाकी नको, तेवढं वजन वाचलं, शिवाय तेल थंडही राहतं. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या त्यांना इंजिनं द्यायला फारशा उत्सुक नव्हत्या. म्हणून रिकमन बंधू इंजिनाशिवायचा किट विकायचे. इंजिन तुमचं तुम्ही शोधा आणि घरी बसवा!

हे नीट लक्षात घ्या. आज कुणी मेटिसची प्रतिकृती गॅरेजमध्ये जुळवतो तेव्हा शुद्धतावादी नाक मुरडतात, 'ही काय अस्सल आहे?' पण अस्सल मेटिससुद्धा अशीच कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जुळवलेली होती. घरी बांधणं ही त्या खेळाची मूळ रीतच आहे.

पण हा सुवर्णकाळ टिकला नाही. १९६४ आणि ६५ ची विश्वविजेतेपदं जेफ स्मिथने बीएसए व्हिक्टरवर जिंकली. त्या इंजिनाचं मूळ होतं २५० सीसीच्या साध्या, रोज कामावर जायच्या सी-१५ गाडीत. ते वाढवत वाढवत ४२० आणि मग ४४१ सीसीपर्यंत नेलं होतं. वजनाचा तोटा भरून काढण्याचा याहून शहाणा उपाय नव्हता: मोठं इंजिन हलकं करण्यापेक्षा हलकं इंजिन मोठं करा. पण १९६६ मध्ये पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीड्रिक्स चेकोस्लोव्हाकियाची टू-स्ट्रोक सीझेड घेऊन आला आणि जिंकला. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नाहीत, दर फेरीला स्फोट, गाडी कितीतरी हलकी. बीएसएने घाबरून टायटॅनियमची फ्रेम काढली. हलकी झाली खरी, पण ती वाकायची, तडकायची, आणि टायटॅनियम ट्रॅकवर वेल्ड करता येत नाही. ५०० सीसीच्या त्या मुकुटावर पुन्हा फोर-स्ट्रोकचं नाव लागायला १९९३ उजाडावं लागलं (जॅकी मार्टेन्स, हुस्कवार्ना). २८ वर्षं! पुढे १९९८ मध्ये यामाहाची वायझेड ४०० एफ बाजारात आली आणि वारं पुन्हा फोर-स्ट्रोककडे फिरलं.

मधल्या काळात ही विद्या जिवंत कुणी ठेवली? कंपन्यांनी तर नाही. बीएसएचा स्पर्धा विभाग बंद झाला तेव्हा बोल्टनच्या अ‍ॅलन क्ल्यूजने तिथले उरलेले सुटे भाग विकत घेतले आणि १९७१ पासून स्वतःच्या गाड्या बांधल्या. त्यातून सीसीएम ही कंपनी उभी राहिली. स्वीडनमध्ये टॉर्स्टेन हॉलमन आणि स्टेन लुंडिन या दोन माजी जगज्जेत्यांनी यामाहाच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोक इंजिनासाठी हलकी फ्रेम बनवली. दोघांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव एचएल ५००. सगळे टू-स्ट्रोकवर असताना १९७७ मध्ये बेंग्ट ओबर्ग ती घेऊन जागतिक स्पर्धेत उतरला.

याच सुमारास जुन्या गाड्यांच्या शर्यतींची चळवळही वाढत गेली. ब्रिटनमध्ये त्यातल्या एका गटाचं नावच 'प्री-६५', म्हणजे १९६५ च्या आधीच्या. हे वर्ष का, ते वरचा परिच्छेद वाचल्यावर सांगायला नको. प्रतिकृती चालते, पण त्या काळाच्या मर्यादेत. अमेरिकेतल्या संघटनेच्या व्हिंटेज गटात पुढच्या सस्पेन्शनची हालचाल ७ इंच आणि मागच्याची ४ इंचांहून जास्त चालत नाही. कारण उघड आहे. एकदा लांब सस्पेन्शन बसवलं की तुम्ही आजची गाडी जुन्या कपड्यांत चालवताय.

आता माझ्यासारख्या संगणकवाल्याला यात काय दिसतं, ते सांगतो. आपल्या धंद्यात जो कोड कुणी चालवत नाही तो सडतो. एक अक्षरही न बदलता सडतो! डॉक्युमेंटेशन कितीही सुंदर असो, तो पुन्हा चालवायला घेतला की कळतं, अर्धं ज्ञान कागदावर नव्हतंच. प्रतिकृती बांधणाऱ्यांचंही तेच होतं. एखादा तुकडा मूळ कारागिराने उगाच जाड ठेवलाय असं वाटतं, म्हणून हे पातळ करतात. तिसऱ्या शर्यतीत तो तिथेच तुटतो. तो जाड का होता, याचं उत्तर त्या क्षणी मिळतं. संग्रहालयातल्या काचेतून ते कधीच मिळालं नसतं.

'हे सगळं गोऱ्यांचं कौतुक झालं, आपलं काय?' थांबा, गंमत तर इथेच आहे.

आमच्याकडे बुलेट म्हणजे फौजदाराची गाडी, नाहीतर जमीनजुमलावाल्याची. रुबाब, आवाज, हळूहळू जाणं. पण ही बुलेट मुळात आडरानातल्या स्पर्धांमधून आलेली आहे! मागच्या चाकाला स्विंगआर्मचं सस्पेन्शन ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, आणि तशी बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ च्या एका ट्रायल स्पर्धेत. त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिच्यावरच्या रायडरांनी सुवर्णपदकं मिळवली. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एनफिल्डवर जिंकली.

१९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० मध्ये संपली. आपण मात्र तीच गाडी बनवत राहिलो. परंपरेच्या प्रेमापोटी वगैरे नाही हं. लायसन्स राज होतं, स्पर्धा नव्हती, साचे हाताशी होते. पण परिणाम असा झाला की १९७७ मध्ये बुलेट मद्रासहून ब्रिटनला निर्यात होऊ लागली. जुन्या इंग्लिश ट्रायल गाड्यांची नक्कल करू पाहणाऱ्या तिथल्या हौशी लोकांना भारतात बनलेलं नवं कोरं 'जुनं' इंजिन मिळालं. त्यांच्यासाठी तो इतिहास, इथल्या मेकॅनिकसाठी ते रोजचं काम.

आणि आता तर चक्र पूर्ण फिरलंय. बीएसए हे नाव २०१६ पासून महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे. २०२१ मध्ये त्यांनी नवी गोल्ड स्टार आणली. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स पुण्याजवळ चाकणला बनते. गाड्या चांगल्या आहेत, मला काही आकस नाही. पण नाव आणि टाकीचा आकार परत आणणं वेगळं आणि विद्या परत आणणं वेगळं. नव्या गाडीचं इंजिन ईसीयू सांभाळतो. जुन्या बुलेटचे टॅपेट कानाने ओळखणारा, ठिणगीची वेळ बोटाच्या अंदाजाने लावणारा मेकॅनिक अजून आपल्या तालुक्यांच्या गावांत आहे. कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट बंद होऊन आता दीड दशक होत आलं. तो माणूस म्हातारा होतोय, आणि त्याच्या हाताखाली बसणारा पोरगा लॅपटॉप लावून स्कॅन करायला शिकतोय. त्या पोराचं काही चुकत नाही, पोट त्यावरच भरणार.

वापर थांबला की काय होतं याचं उदाहरण आमच्या झाडीपट्टीतच आहे. शंकरपट. इथेही ओझ्याची गाडी वेगळी आणि पटाची हलकी छकडी वेगळी, अगदी रस्त्याची मोटरसायकल आणि स्क्रॅम्बलर वेगळी तशी. मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये निकाल लागला. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पण त्या साडेसात वर्षांत जो मुलगा बारा वर्षांचा होता तो वीस वर्षांचा झाला, आणि धुरकरी होण्याचं शिकायचं वय निघून गेलं. मोटरसायकलला तर हालही होत नाहीत. तिथे विद्या गेली तर दोष फक्त आपल्या आळसाचा.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. आधुनिक गाड्या, मोठमोठ्या उड्या, जोरदार मामला. माझी इच्छा त्याहून छोटी आहे. एक शेत, भात कापून झाल्यावरचं. मालकाची परवानगी. कास्ट आयर्न इंजिनाच्या पाच-सहा बुलेट, वजन उतरवलेल्या, फ्रेम गावातल्याच वेल्डरने मजबूत केलेल्या. हेल्मेट सक्तीचं. आणि कडेला खुर्चीवर तो म्हातारा मेकॅनिक, जो आवाज ऐकून ओरडेल, 'अरे, बंद कर, टॅपेट वाजून राहिला!'

घरी बाबांची जुनी बुलेट किंवा येझदी झाकून ठेवली असेल, तर आधी अशा एखाद्या मेकॅनिकला शोधा. गाडी दुरुस्तीला टाकून घरी जाऊ नका, शेजारी पाट घेऊन बसा. काय करतोय ते विचारा, लिहून घ्या. आणि मग ती गाडी चालवा. बिघडेल. बिघडू द्या, त्याशिवाय पुढचा धडा मिळत नाही.