गच्चीवरील बाग (अहिल्यानगर जिल्हा)

गच्चीवरील बाग : इमारतीच्या सपाट छतावर कुंड्या, पिंपे, वाफे किंवा मातीचा सलग थर वापरून केलेली भाजीपाला, फुलझाडे व लहान फळझाडे यांची लागवड. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) शहरात आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांसारख्या गावांत अशी बाग करताना आधी दोन हिशेब मांडावे लागतात, भाराचा आणि पाण्याचा. कोणते झाड लावायचे हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक बागा या क्रमाच्या उलट सुरू होतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात थांबतात.

छतावर माती घालणे या भागाला नवे नाही. कमी पावसाच्या पट्ट्यातील धाब्याच्या घरांना माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्याची रचना. ही माती ओली झाली की दाटून बसते व पाणी खाली उतरू देत नाही. मात्र तीत गवत रुजले की मुळांच्या वाटेने गळती सुरू होते, म्हणून माळवदावरचे गवत उपटून काढावे लागे. काँक्रीटच्या स्लॅबलाही मुळांचे भय तेच आहे.

अहिल्यानगर शहराला बागांचा वारसा आहे, पण तो जमिनीवरचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेल्या या नगरात हश्त बेहेश्त बाग आणि फराहबाग उभ्या राहिल्या. भोवतालच्या डोंगरांकडून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, खापरी नळांनी शहरात पाणी आणले जाई. उतारावरून आपोआप येणारे ते पाणी सखल जागी खेळवता येत होते. गच्चीवर मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब चढवावा लागतो.

भार : लोकांना वावरता येईल अशा सपाट छतासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलोचा चल भार धरलेला असतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,६०० ते २,००० किलो भरते, म्हणजे अवघ्या १० सेंटिमीटरच्या सलग थराचे चौरस मीटरला १६० ते २०० किलो. फुटभर माती पसरायची तर स्लॅब मुळातच त्या हिशेबाने बांधलेला हवा. जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय असा थर घालू नये. तयार गच्चीवर पिंपे ठेवून बाग करणे बरे. ती तुळयांवर, खांबांजवळ व भिंतींच्या रेषेत ठेवावीत, खाली विटा देऊन हवा खेळती ठेवावी आणि पन्हळीचे तोंड मोकळे सोडावे. ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीवरील विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थराला) आधीच तडे असतील तर प्रथम ते बुजवावेत. सोसायटीची गच्ची सामाईक असते, तेव्हा संमती लेखी घ्यावी. गळतीचे भांडण वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडापासून सुरू होते.

भार कमी करण्याची युक्ती महाराष्ट्रातच सिद्ध झालेली आहे. ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी मातीपेक्षा कुजणाऱ्या जैवभारावर भर दिला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीशेती केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरून भाज्या व फळझाडे वाढवली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून ऊस ही ज्या जिल्ह्याची ओळख झाली, तिथे हा मार्ग सर्वांत सोपा. कारखान्याची चिपाडे बॉयलरमध्ये जातात, पण रसवंतीवाला पोतेभर चिपाडे आनंदाने देतो. ती रात्रभर भिजवून, वाळवून घ्यावीत. नाहीतर गोडीला मुंग्या लागतात. अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपाला बुडापासून दोन बोटे वर भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर दाबून भरलेली चिपाडे, पालापाचोळा, भाजीची देठे आणि वर चार बोटे माती व गांडूळखत. दोन-तीन महिन्यांत भर खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा भरावे. नुसत्या मातीच्या पिंपाच्या निम्म्याच्या आसपास वजनात काम भागते.

पाणी : अकोले तालुक्यातील घाटघर पावसाने झोडपून निघत असते, तर खुद्द शहर पर्जन्यछायेत असून तिथे वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५०,००० लिटरहून अधिक पाणी उतरते. वीस पिंपांना मे महिन्यात रोज ८० ते १०० लिटर पाणी लागेल असे धरले, तर यातले थोडे साठवले तरी उन्हाळा निघतो. शहराचा नळ मुळा धरणावर अवलंबून आहे आणि कूपनलिकेचे पाणी अनेकदा क्षारयुक्त असते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की पावसाच्या पाण्याने माती धुऊन घ्यावी. जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पावसाच्या मोजणीवरून पिके ठरवणारे पाण्याचे अंदाजपत्रक रूढ केले. गच्चीलाही ते लागू पडते : टाकीत जेवढे पाणी, तेवढीच पिंपे उन्हाळ्यात चालू ठेवावीत, बाकीची आच्छादन घालून विसाव्याला सोडावीत.

लागवड : जूनमध्ये भेंडी, गवार, कारले, दोडका, सप्टेंबर-ऑक्टोबरात मेथी, पालक, टोमॅटो, वांगी. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली तांदुळजा तग धरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘हिरकणी’ कारले, ‘हिमांगी’ काकडी व ‘साई सरबती’ कागदी लिंबू हे वाण जिल्ह्यातलेच. शेवगा, वड-पिंपळाच्या जातीची झाडे गच्चीवर नकोत. आषाढातला पश्चिमेचा वारा इथे जोरकस असतो. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. म्हणून मांडव कठड्याच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नये आणि तो पिंपांना नव्हे, कठड्याला बांधावा. वेलांत वाल सर्वांत कमी हट्टी. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना ज्या देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली, त्यांत वालाचे अनेक प्रकार आहेत. पावसाळ्यात टोकलेला वाल थंडीत शेंगा देतो. दोन-चार शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात आणि बी राखेत घोळवून ठेवावे. संकरित नसल्याने ते पुढच्या वर्षी जसेच्या तसे उगवते.