विश्रामबागेचे बिऱ्हाडकरू

तुळशीबागेतली खरेदी उरकून बाजीराव रस्त्याला लागलं की लाकडी सज्जाचा विश्रामबाग वाडा दिसतो. दुसऱ्या बाजीरावाने तो स्वतःला राहायला बांधला. 1807 मध्ये पुरा झाला. सहा वर्षं आणि सुमारे दोन लाख रुपये लागले, असं सांगतात. शनिवारवाड्यासारखे तट-बुरूज इथे नाहीत. सगळी हौस लाकूडकामात: सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे बुंध्याशी फुगीर, वर निमुळते, आणि माथ्यावर कोरलेली केळफुलं.

मालक जेमतेम दहा वर्षं राहिला. 1818 मध्ये राज्य बुडालं, बाजीराव बिठूरला गेला आणि वाड्यात बिऱ्हाडकरू येऊ लागले.

पहिलं बिऱ्हाड पाठशाळेचं. त्याचं मूळ शोधायला पर्वतीच्या रमण्यात जावं लागतं. पेशवाईत श्रावणात तिथे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांना हा खर्च डोईजड वाटे, पण तो एकदम तोडून शास्त्री मंडळींचा रोष ओढवून घ्यायचीही तयारी नव्हती. कमिशनर चॅप्लिनने मधली वाट काढली. दक्षिणेच्या रकमेतला काही भाग विद्येकडे वळवून 1821 मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांचा दानधर्म असा पेशव्यांच्याच घरात पगार होऊन परतला. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्राच्या जोडीला पुढे इंग्रजीही आली आणि 1851 मध्ये पाठशाळेचं पुणे कॉलेज झालं.

मे 1879 मध्ये बुधवार वाड्याबरोबर विश्रामबागही पेटला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारला आगीतही बंडाचाच वास आला. त्याच संशयापोटी न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली. जळालेला भाग लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. मग पुढचं बिऱ्हाड नगरपालिकेचं. पेशव्याच्या घरात बरीच वर्षं गावचा कारभार चालला. आता लोक तिथे तिकीट काढून जुनं पुणं पाहायला येतात.

पहिल्या बिऱ्हाडकरूने मात्र 1864 मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव घेतलं आणि 1868 मध्ये येरवड्याला आपलं घर केलं. तरी ते कॉलेज आपलं जन्मसाल अजून 1821 असंच सांगतं. घर बदललं, पण जन्मगाव कोणी बदलत नाही.