भंगारवाला वॉलिस

आल्फ्रेड वॉलिस या खलाशी चित्रकाराची गोष्ट बहुतेक जण ऑगस्ट 1928पासून सांगतात. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज गावी बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे तरुण चित्रकार पोर्थमिअर किनाऱ्यावरून परतत होते. बॅक रोड वेस्टवर एका घराचे दार उघडे दिसले. आत भिंतभर कागद-पुठ्ठ्यांवर रंगवलेली जहाजे, आणि अगदी इवल्या तुकड्यांनाही भलेमोठे खिळे ठोकलेले. ही हकीकत निकल्सनने ‘होरायझन’ मासिकात छापली ती 1943 साली, वॉलिस वारल्यानंतर. मधली वर्षे ध्यानात धरूनच ती वाचावी. शोध लावणाऱ्याला आपला शोध निरागस असलेला आवडतो.

नोंदींतला माणूस तेवढा भाबडा नाही. जन्म 1855चा, डेव्हनपोर्टचा. आईवडील मूळचे पेन्झन्सचे, पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले. आपण नवव्या वर्षीच जहाजावर चढलो, असे वॉलिस म्हातारपणी सांगे. प्रत्यक्षात शाळा सुटल्यावर त्याने टोपल्या विणणाऱ्याकडे उमेदवारी केली. न्यूफाउंडलंडच्या फेऱ्या 1870च्या दशकातल्या. 1876 साली पेन्झन्सच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे लग्न लागले. नवरा 20 वर्षांचा, नवरी सुझन वॉर्ड 41ची, पाच मुलांची आई. त्यांची स्वतःची दोन मुले तान्हेपणीच गेली. मग त्याने दूरचा दर्या सोडला नि जवळपासची मासेमारी, मिळेल ती मजुरी धरली. 1890मध्ये कुटुंब सेंट आइव्ह्जला आले आणि त्याने जुने दोर, शिडे, लोखंड विकत घ्यायला सुरुवात केली. हा जहाजी भंगाराचा धंदा 1912मध्ये बंद झाला.

म्हणजे अटलांटिकवरची वर्षे मोजकी आणि भंगाराची बावीस. त्याच्या चित्रांत घरे वाटेल तशी कलंडतात, पण गलबताच्या डोलकाठ्या नि शिडे जिथल्या तिथे असतात. माझ्या मते, हा हिशेब खलाशापेक्षा भंगारवाल्याचा जास्त आहे.

सुझन 1922मध्ये गेली. त्यानंतर सोबत हवी म्हणून रंगवू लागलो, असे त्याने जिम ईडला सांगितले. टेट गॅलरीत नोकरी करणाऱ्या या ईडशी त्याचा पत्रव्यवहार चाले. टपालाने चित्रांचे गठ्ठे जात, कधी एकदम साठ. भाव आकारावर: एक, दोन किंवा तीन शिलिंग. ईड त्यांतली वीसेक ठेवून घेई. एका पत्रात वॉलिस बजावतो की जिथला नाही तो रंग आपण घालत नाही, त्याने चित्र बिघडते. रंग घरादारांना नि बोटींना लावायचा, आणि पुठ्ठा बहुधा दुकानातल्या खोक्यांचा. तो जसा वाकडातिकडा कापलेला असे, तशीच चित्राची चौकट.

टेटमध्ये 1932च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात जुने घर, पोर्थमिअर चौक, किनारा, आणि गावाचे ‘आयलंड’ म्हणजे नावाचेच बेट, खरे तर गावाला चिकटलेले भूशिर. वॉलिस त्याच्याच जवळ राहत होता.

आपल्या चित्रांवर तारीख घालण्याची सवय त्याला नव्हती, म्हणून त्यांचा कालक्रम बहुतांशी अंदाजाने लावलेला असतो. याला एक ठळक अपवाद आहे. जून 1941मध्ये त्याला मॅड्रनच्या अनाथ-वृद्धांच्या सरकारी आश्रयगृहात हलवले आणि 29 ऑगस्ट 1942 रोजी तिथेच तो वारला. तिथे भरलेल्या तीन चित्रवह्या या चौदा महिन्यांतल्याच असल्या पाहिजेत, आणि त्यांतही जहाजे आहेत.