दोन नद्यांमधलं पठार

संगमनेरचा इतिहास सांगताना आपण नेहमी प्रवरेच्या काठावरून सुरुवात करतो. आज आपण दक्षिणेकडे जाऊ. पुणे रस्त्याने चंदनापुरी घाट चढला की ऊस मागे राहतो आणि माळ सुरू होतो. डोळासणे, घारगाव, बोटा, पूर्वेला साकूर, मांडवे. या सगळ्याला लोक नुसतं ‘पठार’ म्हणतात. वस्त्या लांबलांब, जमीन मुरमाड.

गंमत बघा, हे पठार दोन नद्यांच्या मध्ये आहे. बाळेश्वराच्या डोंगराचं उत्तरेकडचं पाणी प्रवरेला जातं, दक्षिणेकडचं मुळेला. दोन्ही नद्या खालून वाहतात, वर काही राहत नाही. याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे 500 झाला तर वर्ष बरं म्हणायचं.

भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी पूर्वेला गेलं, खाली ऊस आला, आणि 1950 च्या सुमारास प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा भोंगा वाजला. या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, असायलाही हवा. पण कालवा डोंगर चढत नाही. पठारावर बाजरी, हुलगे, मटकी हे एक पीक घ्यायचं आणि मग कामाला बाहेर पडायचं: कुणी खाली बागायतीत, कुणी जुन्नर-नारायणगावकडे. बोट्याच्या माणसाला आजही संगमनेरपेक्षा आळेफाटा जवळचा. म्हणजे खालच्या बागायतीच्या हिशेबात पठार होतंच, फक्त मजुरीच्या रकान्यात. आम्ही इतिहासवाल्यांनी तो रकाना फारसा उघडला नाही, हे कबूल करतो.

1972 च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर गेली. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. नव्वदच्या दशकात फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांच्या प्रयत्नांतून पाणलोटाची कामं झाली. म्हसवंडी, दरेवाडी ही नावं परदेशातल्या अहवालांतही गेली. समतल चर खणले, झाडं लावली, विहिरींना पाणी वाढलं. कांदा, टोमॅटो, दूध सुरू झालं.

आता इथे थोडं थांबू. पाणलोट म्हटलं की चराईबंदी आलीच. डोंगर बंद झाला की शेळ्यामेंढ्या कुठे न्यायच्या? ज्याच्याकडे जमीन आणि विहीर होती त्याने संकरित गाय बांधली. ज्याच्याकडे नुसती मेंढरं होती, त्याने काय बांधायचं? अडवलेलं पाणी मुरतं ते कुणाच्या तरी विहिरीत. हा प्रश्न अहवालांत येतो, पण ‘सुरुवातीचा विरोध’ अशा दोन शब्दांत.

उन्हाळ्यात पठारावर अजूनही टँकर फिरतात. मेंढपाळ तेव्हा कळप घेऊन खाली उतरलेले असतात, बागायतदाराच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला.