वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी: शरीराची तयारी, मनाचा निर्धार

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या रुग्णाचे सारे लक्ष बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवसाकडे लागलेले असते. प्रत्यक्षात तिचे यश त्याआधीच्या काही आठवड्यांवर आणि नंतरच्या अनेक वर्षांवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेमुळे जठर लहान होते. सवयी मात्र रुग्णालाच बदलाव्या लागतात. म्हणूनच पूर्वतयारी हा या उपचाराचाच एक भाग मानला जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ आढळले. त्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. आहार, व्यायाम व औषधोपचार यांनी पुरेसा लाभ न झालेल्यांसाठी हा पर्याय आहे.

पात्रता कशी ठरते?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बॉडी मास इंडेक्स मिळतो. या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्त शिफारशी जाहीर केल्या. त्यांनुसार हा निर्देशांक ३५ किंवा अधिक असल्यास, अन्य आजार असोत वा नसोत, शस्त्रक्रिया सुचविता येते. आशियाई व्यक्तींना कमी वजनातही मधुमेहासारखे विकार जडत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे ७० किलो वजन असा होतो. अर्थात, केवळ आकड्यावरून निर्णय होत नाही.

विम्याचे निकष याहून कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार वय किमान १८ वर्षे आणि निर्देशांक ४० असावा लागतो. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर विकार अशा आजारांत तो ३५ चालतो. त्यामुळे वैद्यकीय सल्ला मिळाला तरी खर्च मंजूर होईलच असे नाही. पॉलिसीची कलमे आधीच तपासणे हिताचे ठरते.

शरीराची तयारी

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर, रक्तदाब, हृदय, फुफ्फुसे, यकृत व थायरॉइड यांची तपासणी केली जाते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाला झोपेत श्वास थांबण्याचा विकार असू शकतो. तो आधी ओळखल्यास भूल देताना योग्य खबरदारी घेता येते. लोह, ‘ड’ आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वे यांची पातळीही पाहिली जाते. ‘ब-१२’ ची कमतरता शाकाहारी व्यक्तींमध्ये अधिक आढळते; ती आधीच भरून काढणे आवश्यक असते.

धूम्रपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. धुरामुळे फुफ्फुसांचे त्रास वाढतात, जखम उशिरा भरते आणि गॅस्ट्रिक बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी व्रण होण्याचा धोका वाढतो. या बायपासनंतर मद्यही लवकर व अधिक तीव्रतेने चढते. त्यामुळे मद्यपानाची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. वजन कमी करणारी इंजेक्शने सुरू असल्यास भूलतज्ज्ञाला तसे सांगावे, कारण त्यांनी जठर रिकामे होण्यास वेळ लागू शकतो.

अनेक रुग्णालयांत शेवटचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार दिला जातो. लठ्ठ व्यक्तीचे यकृत चरबीमुळे मोठे झालेले असते आणि त्याचा डावा भाग जठरावर झुकलेला असतो. या आहाराने यकृत आकसते व दुर्बिणीद्वारे काम करणाऱ्या शल्यविशारदाला जागा मिळते. मधुमेही रुग्णाने हा आहार औषधांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नये. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

निर्धार म्हणजे काय?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकला जातो. तो पुन्हा जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा करून तो लहान आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि ठराविक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. सतत उलट्या होत राहिल्यास ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. महिलांना साधारणतः पुढील १२ ते १८ महिने गर्भधारणा लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला जातो.

या जीवनाची तालीम आधीच करता येते. प्रत्येक घास सावकाश चावणे, जेवताना पाणी न पिणे, साखरेचा चहा व सरबते सोडणे, रोज चालणे आणि ताटात प्रथम प्रथिने घेणे, या त्या सवयी होत. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनांची गरज असते. शाकाहारी व्यक्तीने डाळी, पनीर, दही व सोयाबीन यांतून ती कशी भागवायची, हे आहारतज्ज्ञाकडून आधीच समजून घ्यावे.

मानसोपचारतज्ज्ञाची भेटही याचसाठी असते. दुःख, ताण किंवा एकटेपणात खाण्याकडे वळणाऱ्या व्यक्तीची ती ओढ शस्त्रक्रियेने नाहीशी होत नाही. घरच्यांनाही या चर्चेत सामील करून घेणे उपयुक्त ठरते. सणासुदीला पंगतीत होणारा आग्रह प्रेमाचा असला, तरी लहान झालेल्या जठराला तो सोसत नाही. दीर्घ उपवासांविषयीही डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

ही परीक्षा नव्हे

‘आधी अमुक किलो वजन उतरवा, मगच शस्त्रक्रिया’ अशी अट सरसकट घालण्यास पुरेसा वैज्ञानिक आधार नाही, असे अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनेने स्पष्ट केले आहे. अशा अटीमुळे गरजू रुग्णाचे उपचार लांबतात. तयारीच्या काळात काटा फारसा हलला नाही, तरी रुग्णाने खचून जाऊ नये. शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षांनी थोडे वजन पुन्हा वाढू शकते. अशा वेळी संकोचाने घरी न बसता पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याची तयारी हाच खरा निर्धार होय.