गोव्यातला कारकून आणि जायफळाचा नकाशा

पुण्यात कोणी काय जमवावे याला धरबंध नाही. दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले, त्याचे संग्रहालय झाले. मी मसाल्याच्या बेटांचे जुने नकाशे जमवतो, त्याची आमच्या घरात ‘रद्दी’ झाली आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असे शेजारच्या प्राध्यापकांचे मत. पण हे नकाशे मुळात इतिहासाचे नाहीतच हो, कॉमर्सचे आहेत! कुठला माल कुठे पिकतो आणि तिथे दुसऱ्याच्या आधी कसे पोचायचे, एवढाच त्यांचा विषय. कोपऱ्यातले देवमासे आणि शिडाची जहाजे ही नुसती सजावट.

माझ्याकडे अस्सल नकाशा एकच. बेलँ या अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशाकाराचा, मोलुक्का बेटांचा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला. असा कागद घेताना आधी उजेडाकडे धरावा. हातकागदात बारीक समांतर रेघा दिसतात. मग कडेने बोट फिरवावे. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले असेल तर पत्र्याच्या दाबाची खाच हाताला लागते. घडी असली तर नाक मुरडू नये, नकाशा कधीकाळी पुस्तकात होता याची ती खूण. मी नोट तपासावी तसा तो तपासत होतो, तेव्हा विक्रेता म्हणाला, “साहेब, खोटा केला असता तर एवढा मळका कशाला केला असता?” यावर वाणिज्य शाखेत उत्तर नाही.

बाकीच्या साऱ्या छापील नकला. त्यांत माझा लाडका प्लान्सियसचा, १५९० च्या दशकातला. वर मोलुक्का बेटे आणि खाली ठसठशीत जायफळ, लवंग आणि तीन जातींचे चंदन. वाण्याच्या दुकानाची पाटीच! मूळ प्रत घ्यायची तर मला आमच्याच बँकेत घर गहाण टाकावे लागेल, आणि ते कर्ज मंजूर होणार नाही हे मीच सांगू शकतो.

त्या काळी लवंग मोलुक्कांतल्या चार-पाच बेटांवर आणि जायफळ फक्त बांदा बेटांवर पिके. वाट पोर्तुगीजांना ठाऊक, आणि त्यांनी आपले सागरी नकाशे कुलपात ठेवलेले. हे कुलूप कोणी उघडले? कुठल्या दर्यावर्दीने नव्हे; गोव्यातल्या एका कारकुनाने. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला. (नावात ‘खोटे’ असले तरी माणूस टिपणाला पक्का होता.) पाच वर्षे तो तिथे होता. आता कारकुनाचे एक असते, तो खाली मान घालून लिहू लागला की खोलीतल्या फर्निचरात जमा होतो. त्याच्यासमोर साहेबलोक काहीही बोलतात. याने आंबा, फणस, विड्याच्या पानापासून जहाजांच्या वाटांपर्यंत सगळे उतरवून घेतले. मायदेशी जाऊन १५९५ मध्ये सागरी मार्गांची माहिती छापली आणि १५९६ मध्ये ‘इटिनेरारिओ’ हा नकाशांसह ग्रंथ काढला. त्यात आजच्या जुन्या गोव्याचाही नकाशा आहे, पाहत राहावे असा.

१५९५ मध्येच हाउटमनची चार डच जहाजे ही माहिती घेऊन पूर्वेला निघाली. १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली. १६२१ मध्ये तिचा गव्हर्नर-जनरल कून बांदावर उतरला. जायफळ आम्हालाच विका, हा करार तिथले लोक पाळत नव्हते, हे कारण. त्याने ४४ प्रमुखांना ठार केले. बेटांवर सुमारे १५,००० माणसे होती असा अंदाज आहे. कत्तल, उपासमार आणि हद्दपारी यांतून उरली हजारभर. मग गुलाम आणून बागा चालवल्या. माझ्या नकाशात बांदा म्हणजे चार-सहा सुबक ठिपके. कोणाचेही रक्त त्यावर दिसत नाही, म्हणून तर ते भिंतीवर लावता येतात.

लिन्सखोटेन १६११ मध्येच वारला. हे त्याने पाहिले नाही. त्याने कोणाला मारलेही नाही. ‘मी फक्त नोंद केली’ हे वाक्य आमच्या पेशात फार जुने आहे. मला तेवढ्याने त्याची सुटका करवत नाही, आणि त्याचा नकाशा भिंतीवरून काढवतही नाही.

बांदांपैकी रन हे तीनेक किलोमीटर लांबीचे बेट इंग्रजांकडे होते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला, आणि डचांनी न्यूयॉर्कवरचा. डचांना त्या वेळी आपण फायद्यात आहोत असे वाटले असणार.

जायफळ परक्या मातीत रुजू नये म्हणून डच ते चुन्यात बुडवून विकत. तरी १७७० मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने रोपे मॉरिशसला पोचवलीच. प्वाव्र म्हणजे मिरे! पुढे इंग्रजांनी ती पिनांगला नेली. आज दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सुगंधा’ ही जायफळाची जात आहे, आणि नारळी-पोफळीच्या सावलीत झाडे सुखाने वाढतात. मात्र जायफळात नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी; बी लावून वाढवलेले झाड नर निघाले हे काही वर्षे पाणी घातल्यावर कळते. म्हणून माळी सांगतो, कलमच घ्या.